काळ्या चबुतऱ्यावर

किल्ल्याला अजून दगड लागलेला नाही. समोर दिसतो तो मातीचा तट. पावसाळ्याने त्याला जागोजागी ओघळ पाडलेत आणि गवंडी ते लिंपत बसलेत. दगडी तट चढायला अजून साठएक वर्षं आहेत. ते काम हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत होईल. आज इसवी सन १५०० च्या सुमाराची सकाळ आहे. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात, पारनेरकडच्या एका गावातून चालत आला आहात, खांद्यावर घोंगडी आहे आणि कमरेला भाकरीचं फडकं.

सीना नदी ओलांडून तुम्ही अहमदनगर शहरात शिरता. शहर म्हणजे तरी काय, अजून पोरसवदाच आहे ते. दहा वर्षांपूर्वी, १४९० च्या मे महिन्यात, मलिक अहमदने इथेच भिंगारच्या परिसरात बहमनी फौजेचा धुव्वा उडवला, विजयाच्या जागी बाग लावली आणि १४९४ मध्ये बागेच्या शेजारी शहराची आखणी केली. जागा हौसेने निवडलेली नाही. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध ती पडते. दरसाल पिकं उभी असताना इथून दौलताबादच्या मुलखावर उतरायचं, धान्य लुटायचं आणि किल्ल्याला उपाशी पाडायचं, असा तो बेत होता. नुकताच तो दुर्घट किल्ला पडलाय. म्हणून शहरात आज उत्साह आहे, पैसा आहे आणि तुमच्यासारख्या, हातात बळ असलेल्या पोरांना मागणी आहे.

पण तुमचं लक्ष वेधून घेतो तो आवाज. लाकडावर लाकूड आदळल्याचा. या गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, मशिदीच्या मागे, बाजाराच्या तोंडाशी, सगळीकडे तोच. दुसऱ्या शहरांत जिथे मदरसे असतात तिथे या शहरात तलवारीच्या तालमी आहेत. ही अतिशयोक्ती माझी नाही. याच शहरात वाढलेला आणि पुढे विजापूरला गेलेला फिरिश्ता नावाचा इतिहासकार तसं लिहून गेलाय. मलिक अहमद, म्हणजे इथला राजा, स्वतः तलवारीत तरबेज. राजाची मर्जी मिळवायची म्हणून म्हातारे-तरणे सगळे त्याच नादाला लागले. मैफिलीत बसा, दुसरा विषय निघत नाही.

तुम्ही एका तालमीत जाऊन उस्तादांच्या पायाला हात लावता. ते तुमच्याकडे नाही, तुमच्या पावलांकडे बघतात.

"नांगर धरलाय ना रे पोरा?"

"होय उस्ताद."

"मग आधी ते विसर. नांगऱ्याचा सगळा भार टाचेवर असतो."

पहिले कित्येक दिवस तुमच्या हाती काहीच पडत नाही. मऊ, तांबूस, तेल घातलेल्या मातीत अनवाणी चालायचं. पुढचा पाय सरकवायचा, मागचा त्याच्यामागे आणायचा, दोन्ही पाय कधी जुळू द्यायचे नाहीत आणि कधी एकमेकांवरून ओलांडू द्यायचे नाहीत. गुडघे किंचित दुमडलेले. भार चवड्यावर. संध्याकाळी पोटऱ्या इतक्या दुखतात की बसलेलं उठवत नाही. मग हाती येतो चामड्याने मढवलेला दांडका. ढाल नाही. या शहराची हौसच ती आहे: एक माणूस, एक तलवार, आडोसा काही नाही. त्याला एकांगी लढत म्हणतात. ढाल नसली की चूक झाकायला जागा उरत नाही, म्हणून या लढतीचा इथे एवढा मान.

उस्ताद तुम्हाला समोर उभं करतात आणि अंतर शिकवतात. खरं सांगायचं तर हातघाईच्या लढाईची अर्धी विद्या अंतराची आहे. समोरच्याच्या दांडक्याचं टोक आपल्याला पोहोचत नाही पण एक पाऊल टाकलं तर आपलं त्याला पोहोचेल, अशी एक अदृश्य रेघ जमिनीवर असते. ती रेघ सतत हलत असते. तुम्ही घाई करून ती ओलांडता आणि खांद्यावर फटका बसतो. पुन्हा. परत फटका. डोक्यावरचा वार दाखवून पायावर टाकायचा, ही हूल तुम्हाला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. "त्याच्या हाताकडे बघू नकोस," उस्ताद ओरडतात, "त्याच्या छातीकडे बघ. हात खोटं बोलतो, छाती बोलत नाही."

मनगट दुखायचं थांबतं तेव्हा तुम्हाला कळतं की वार मनगटाने करायचाच नसतो. तो कमरेतून येतो, खांद्यातून वाहतो आणि मनगट फक्त त्याला दिशा देतं. जोर लावाल तितकी तलवार मंद होते. भीतीचंही तसंच. पहिल्या काही दिवसांत तुम्ही श्वास धरून लढता आणि शंभर मोजेपर्यंत धापा टाकता. नंतर वार सोडताना श्वास सुटू लागतो. एके दिवशी फटका येताना दिसतो. डोळे मिटत नाहीत. पाऊल आपोआप बाजूला पडतं आणि तुमचा दांडका समोरच्याच्या बरगडीवर अलगद टेकतो. उस्ताद काही बोलत नाहीत, फक्त मान हलवतात. त्या एका मान हलवण्याने तुमची छाती अशी काही भरून येते की रात्री झोप लागत नाही.

ही विद्या सुंदर आहे, हे मला इथे स्पष्ट म्हणायचंय. तिच्याबद्दल जे कठोर लिहायचं ते पुढे लिहिणारच आहे, पण शरीराला इतकं सावध, इतकं मोकळं आणि इतकं प्रामाणिक करणारं शिक्षण फार थोडं आहे. त्या तालमीतल्या पोरांनी आयुष्याची उमेद त्यात ओतली ती उगाच नाही.

घोटाळा तालमीबाहेर सुरू होतो.

तुमच्या शेजारी झोपणारा, पैठणकडचा एक मुलगा आहे. हसरा, हाताने चपळ, बोलण्यात त्याहून चपळ. एका संध्याकाळी बाजारात दुसऱ्या तालमीच्या कुणाशी त्याची जुंपते. कोणाच्या उस्तादांचा हात सरस, एवढाच वाद. या शहरात कुणी कुणाला मोठं मानायला तयार नाही, प्रत्येक जण स्वतःलाच अव्वल समजतो, आणि असे वाद राजापर्यंत जातात. राजा म्हणतो, माझ्यासमोर लढा. ज्याचा वार आधी लागेल तो जिंकला.

म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघे दिवाणखान्यात गर्दीत उभे आहात. समोर तीच धरलेली पावलं, तीच अदृश्य रेघ. फक्त हातात दांडका नाही, पोलाद आहे. तुमचा दोस्त हूल देतो, समोरचा फसतो, दंडावर लाल रेघ उमटते. जिंकला. वाहवा होते. त्याच्या चेहऱ्यावर तुम्ही याआधी कधी न पाहिलेलं काहीतरी येतं. पण त्याच सकाळी, त्याच दालनात, दुसऱ्या एका जोडीचा वार दंडावर थांबत नाही. एकाला चादरीत गुंडाळून नेतात.

फिरिश्ता सांगतो, हळूहळू रोजचंच झालं. दिवाणखान्यातून दिवसाला दोन-तीन मुडदे बाहेर निघू लागले. अखेर राजालाच त्याचा उबग आला. त्याने हुकूम काढला: माझ्यासमोर नको. किल्ल्याबाहेर मैदानात काळा चबुतरा आहे, तिथे जाऊन लढा. लढणाऱ्यांच्या मध्ये त्यांच्या सोबत्यांनी पडायचं नाही. आणि कुणी मेला तर त्याच्या माणसांनी सूड मागायचा नाही.

हा हुकूम नीट वाचा. त्यात खुनाखुनीची साखळी तोडण्याचं शहाणपण आहे. पण झुंजच बंद करा, असं त्यात कुठेही नाही. राजाने मरण डोळ्यांसमोरून हलवलं, शहरातून नाही. आणि हा राजा कुणी बेफिकीर मनुष्य नव्हता. शहरातून घोड्यावरून जाताना परक्या स्त्रीवर नजर पडू नये म्हणून तो इकडेतिकडे पाहत नसे, असं त्याच्याबद्दल लिहिलंय. रणात कच खाल्लेल्या सरदाराला त्याने शिक्षा देण्याऐवजी सगळ्यांत आधी मानाचा पोशाख दिला आणि तोच सरदार पुढच्या लढाईत जिवावर उदार होऊन लढला, अशीही हकिगत आहे. माणसाची नस ओळखणारा हा राजा स्वतःच्या हौसेने लावलेली आग मात्र विझवू शकला नाही.

आता तुम्ही काळ्या चबुतऱ्यापाशी उभे आहात. ज्याच्या दंडावर रेघ उमटली होती त्याचा थोरला भाऊ आज तुमच्या दोस्तासमोर आहे. भोवती माणसं दाटीवाटीने बसलीत, कुणी फुटाणे खातंय. ऊन चढलंय, काळा दगड तळपायाला भाजतोय. दोस्त तीच हूल देतो. पण थोरल्याने काल धाकट्याकडून ती ऐकलेली आहे. तो हूल खात नाही. एवढंच. एका श्वासाचा खेळ.

तुम्ही पुढे धावता आणि दोन हात तुम्हाला मागे खेचतात. मध्ये पडायचं नाही. दोस्त चबुतऱ्यावर कुशीवर पडलेला आहे, डोळे उघडे, चेहऱ्यावर राग नाही, नवल आहे. तुम्ही त्याला उचलता तेव्हा थोरला भाऊ तुमच्यासमोरूनच तलवार पुसत जातो. तुमच्या मनगटात ती सगळी शिकवण जागी होते, पाय आपोआप पवित्र्यात येतात. आणि हुकूम आठवतो. सूड मागायचा नाही. तुमचा हात कमरेवर थांबतो. उस्तादांनी तुम्हाला शेकडो वेळा वार कसा सोडायचा ते शिकवलं. थांबायला मात्र तुम्ही आज पहिल्यांदा शिकलात, तेही मेलेल्या माणसाचं ओझं खांद्यावर असताना.

पैठणला निरोप कुणी न्यायचा, यावर तालमीत रात्रभर कुणी बोलत नाही.

इथून ही चाल साऱ्या दख्खनमध्ये पसरली. सरदार, मौलवी, शेख, कुणी मागे राहिलं नाही. जो मुलगा असा लढला नाही तो शूरांत मोजला जाईना. शंभर वर्षांनी फिरिश्त्याने विजापूरच्या रस्त्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग नोंदवला आहे. इब्राहिम आदिलशहाच्या दरबारातले दोन पिकल्या दाढीचे सय्यद भाऊ आणि तितकेच वयस्क तीन दख्खनी भाऊ यांची कसल्याशा किरकोळ गोष्टीवरून जुंपली. आधी सय्यदाचा वीस वर्षांचा मुलगा पडला, मग बाप, मग काका, आणि त्यांना मारणारेही जखमांनी गेले. काही क्षणांत भरल्या बाजारात सहा प्रतिष्ठित माणसं मेली, आणि कशासाठी ते कुणालाच सांगता येईना.

हे लिहिणारा फिरिश्ता स्वतः शिपाई होता. मुर्तझा निजामशहाच्या पदरी पहाऱ्यावर त्याने नोकरी केली, १५८९ मध्ये तो विजापूरला गेला. म्हणून त्याचं पुढचं मत मला महत्त्वाचं वाटतं. एका तलवारीच्या लढतीत दख्खनी माणसाचा हात कुणी धरणार नाही, असं तो मान्य करतो. पण ही सगळी मेहनत पायउतार होऊन, एकट्याने, घरच्याच माणसाशी लढण्याची आहे. घोड्यावरून बाण सोडायचा, भाला चालवायचा, याचा सराव नाही. मग परकी फौज समोर आली की गल्लीतला वाघ तिथे उपयोगी पडत नाही. सैनिकी शिक्षणावरची याहून नेमकी टीका मी तरी वाचलेली नाही.

आता तीनशे वर्षं पुढे या. ८ ऑगस्ट १८०३, सकाळ. हेच शहर, पण आता त्याच्याभोवती उंच भिंत आहे. तुम्ही शिंद्यांच्या बाजूचे शिपाई आहात, भिंतीच्या आत, एका बुरुजाच्या पायथ्याशी. बाहेर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिड्या घेऊन धावत येते. भिंतीला आतून चालायला वाट नाही. शिडीवरून माथ्यावर आलेल्या गोऱ्यांना पाय ठेवायला जागा सापडत नाही, ते गडगडत खाली जातात, आणि तुम्हाला क्षणभर वाटतं की आपण वाचलो. मग कॉलिन कॅम्पबेल नावाचा एक तरुण अंमलदार शिडी बुरुजालाच लावतो. तलवार मनगटाला बांधलेली, चढायला दोन्ही हात मोकळे. तो बुरुजावर उतरतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. अरब शिपाई घराघरांतून जिवाच्या कराराने लढतात. तुम्हीही लढता. तुमचा हात त्यांच्यापैकी कित्येकांपेक्षा चांगला आहे, हे तुम्हाला पहिल्या दोन वारांतच कळतं. पण तुम्ही एकाला अडवता तेव्हा त्याच्या डावी-उजवीकडचे दोघे थांबत नाहीत. ते पुढे जातात, आणि मागून दरवाजा उघडल्याचा आवाज येतो.

दुपारच्या आत ही तटबंद पेठ पडली. चार दिवसांनी, १२ तारखेला, किल्लाही गेला. इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखले या मराठा सरदाराने पेठेच्या लढाईबद्दल पुण्याला जे कळवलं त्याचा आशय असा होता की ही माणसं सकाळी आली, भिंत पाहिली, ओलांडली आणि न्याहारीला परत गेली. त्या ओळींतलं कौतुक मला आजही टोचतं.

शेवटचा टप्पा तुमच्याच काळातला. किल्ल्यापासून फार लांब जायचं नाही. नगरच्या छावणीत मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. ही रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली. इथला जवान बीएमपी या चिलखती गाडीतून लढाईत जातो. गाडीला तोफ आहे, क्षेपणास्त्र आहे. तरीही गाडीचे मागचे दरवाजे उघडतात तेव्हा आत बसलेल्या तुकडीला पायांवर उतरावंच लागतं, आणि खंदकातला शेवटचा माणूस गाडीच्या तोफेने सापडत नाही. म्हणून तुम्ही, नव्याने भरती झालेला रंगरूट, पहाटे मैदानात उभे आहात. रायफलच्या तोंडावर संगीन चढवलेली आहे आणि समोर चौकटीला टांगलेला पेंढ्याचा पुतळा.

"पायांकडे बघ," उस्ताद खेकसतात. तुमचा भार टाचेवर गेलाय.

पुन्हा तेच. गुडघे दुमडलेले, भार पुढे, वार कमरेतून. "बोलो भारत माता की जय" म्हणत तुम्ही धावता, संगीन पुतळ्यात घुसते, आणि खरी मेहनत पुढे असते: ती बाहेर काढून पुन्हा तयार व्हायचं. पलीकडे बिनहत्याराची शिकवण चाललीय. पडताना मान कशी वाचवायची, गळ्याला पडलेला हात कसा सोडवायचा, चाकू धरलेलं मनगट कुठे पकडायचं. जोडीदाराने मांडीवर दोनदा थाप मारली की पकड सोडायची. शिट्टी वाजली की हात जिथे असेल तिथे थांबवायचा. तुम्ही रागाने एक क्षण जास्त धरून ठेवता आणि उस्ताद सगळ्यांसमोर तुम्हाला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतात. फेऱ्या मारताना तुम्हाला वाटतं, एवढ्याशासाठी? होय, एवढ्याशासाठीच.

आणि ओळ. संगिनीचा हल्ला ओळीने होतो. शेजारच्यापेक्षा तुमचा हात चांगला असला तरी तुम्ही त्याच्या पुढे पळायचं नाही, कारण तुमच्या उजव्या बगलेचं रक्षण तो करतोय.

हे सगळं कालबाह्य आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना १५ जून २०२० च्या गलवानच्या रात्रीची आठवण करून द्यावी लागते. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही, असा १९९६ चा भारत-चीन करार होता. लडाखमधल्या त्या थंडगार नदीकाठी, अंधारात, दगड, काठ्या आणि खिळे ठोकलेल्या सळया यांनी लढाई झाली. कर्नल संतोष बाबू आणि त्यांच्यासह आपले एकूण २० जवान धारातीर्थी पडले. हातात बंदूक असून न झाडण्याची शिस्त आणि हाताने लढण्याची ताकद, दोन्ही एकाच माणसाकडून एकाच रात्री मागितल्या गेल्या. काळ्या चबुतऱ्यावरच्या कोणत्याही वीराकडून हे कधी मागितलं गेलं नव्हतं.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात आज गावोगावी भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, आणि शहरातल्या जुन्या तालमींत माती अजून भिजवली जाते. त्यांना शिकवणाऱ्या सगळ्या उस्तादांना, वस्तादांना, अकादमीच्या सरांना माझी विनंती आहे. एखाद्या रविवारी पोरांना किल्ल्यासमोरच्या मोकळ्या जागेत आणा. इथे कुठेतरी तो चबुतरा होता, हे त्यांना सांगा. पैठणच्या पोरासारखी किती पोरं कशापायी गेली ते सांगा. आणि तिथेच त्यांची जोडी लावून, पहिला डाव शिकवण्याआधी, शिट्टीवर थांबायला शिकवा.